पोर्तुगीज ख्रिस्त-संघाच्या पदव्या व कागदांचा काल

वसई-गोव्याकडील पोर्तुगीज कागदांत व शिलालेखांत 'काव्हालैरु' आणि 'कोमेंदादोर' हीं पदें येतात. पहिल्याचा 'सरदार' व दुसऱ्याचा 'सेनापति' असा अर्थ करून पुढें जाण्याचा मोह होतो. तो टाळावा, असें आम्हांस वाटतें. हीं पदें कॅथलिक क्षात्रसंघांतील असून त्यांचा अर्थ कालपरत्वें पालटला आहे. आणि हा पालटच कागदाचा काल ठरविण्याचें साधन होय.

टेंपल-संघ पोपानें १३१२ सालीं मोडला. पोर्तुगालचा राजा दिनीश यानें त्याची आपल्या देशांतील मिळकत परहस्तीं जाऊं न देतां, पोप बाविसावा जॉन याच्या आज्ञापत्रानें १३१९ सालीं ख्रिस्त-संघ स्थापिला. १४५६ सालीं समुद्रापलीकडील नव्या मुलखांतील धर्माधिकार त्याजकडे आला. १५५१ सालीं या संघाचें, तसेंच सांतियागु व आव्हीश या संघांचें आधिपत्य राजपदास कायमचें जोडलें गेलें. तेव्हांपासून वसईचा धनी जो राजा, तोच संघाधिपति.

कोमेंदादोर म्हणजे 'कोमेंदा' खाणारा. कोमेंदा हें संघाच्या मिळकतीपैकीं नेमून दिलेलें उत्पन्न. आपल्या सरंजामाशीं त्याचें साम्य उघड आहे. भेद इतकाच कीं, धारक व्रतस्थ असावा लागे. विवाहाची मुभा मात्र १४९६ सालीं मिळाली होती. 'आबितु' म्हणजे संघाचा वेष. आपल्याकडे 'वस्त्रें दिलीं' म्हणजे पद दिलें, तसेंच 'आबितु दिला' म्हणजे संघांत घेतलें. वास्को द गामा हा आरंभीं सांतियागु-संघाचा. १५०७ सालीं तो ख्रिस्त-संघांत गेला. आल्बुकेर्क १५१५ सालीं गोव्याच्या बंदरांत वारला, तो सांतियागु-संघाच्या वेषांत. आबितु देण्यापूर्वीं उमेदवाराच्या कुळाची व पूर्वजांच्या धंद्याची चौकशी होत असे. असे चौकशीचे कागद वंशावळींच्या अभ्यासकांस अमोल आहेत.

१७८९ सालीं राणी मारिया पहिली हिनें संघांस लौकिक रूप देऊन 'ग्रां-क्रूश', 'कोमेंदादोर' व 'काव्हालैरु' अशा तीन पायऱ्या ठरविल्या. १८३४ सालीं धर्मसंघांची मिळकत सरकारजमा झाली. उत्पन्न गेलें, नांव राहिलें. १९१० च्या प्रजासत्ताकानें संघ मोडला आणि १९१८ सालीं तो मानचिन्ह म्हणून पुन्हां उभा केला. हल्लीं राष्ट्राध्यक्ष त्याचा अधिपति असतो. पोपाकडील त्याच नांवाचा संघ वेगळा. त्याचा अखेरचा मानकरी, बेल्जमचा राजा बोदुअँ, १९९३ सालीं वारला.

यावरून निर्णय सोपा होतो. 'प्रोफेसु' म्हणजे व्रतस्थ, असें विशेषण असल्यास कागद सहसा १८३४ पूर्वींचा. या संघाचा 'ग्रां-क्रूश' असल्यास १७८९ नंतरचा.

चिन्हांविषयीं तितकीच सावधगिरी हवी. ख्रिस्त-संघाचा क्रूस तांबडा, टोकांशीं रुंदावणारा, आंत पांढरा क्रूस असलेला; सांतियागुचा तरवारीच्या आकाराचा; आव्हीशचा हिरवा, टोकांस फुलें असलेला. १७३९ च्या वसई-विजयानंतर पोर्तुगीज घंटा घाटावरील देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा सर्वांस ठाऊक आहे. घंटेवर क्रूस दिसला म्हणजे ती या संघाची, असें मानूं नये. साधा क्रूस कोणत्याहि देवळाचा असूं शकतो.

धुळें-जळगांवकडील संग्राहकांच्या दप्तरांत असा पोर्तुगीज कागद निघाल्यास त्यांनीं केवळ नांव व सन न टिपतां पदवीचा मूळ शब्द व मुद्रेवरील क्रूसाचा आकार जसाच्या तसा उतरून ठेवावा. भाषांतर मागाहून करतां येतें. मुद्रा एकदां झिजली म्हणजे ती कोणासच वाचतां येत नाहीं.