मोजणाऱ्या पेटीची कुळकथा

बदलापूर पूर्वेला शिरगावसारख्या भागात केबलचे जाळे ज्या खोलीतून चालते, तिला धंद्यातली माणसे कंट्रोल रूम म्हणतात. गच्चीवर डिश, खाली लोखंडी रॅक, रॅकमध्ये एकावर एक रिसीव्हर, एन्कोडर, मल्टिप्लेक्सर, मॉड्युलेटर, आणि शेवटी फायबरवर प्रकाश सोडणारा ट्रान्समीटर. या सगळ्या उपकरणांतून चित्र जाते. एक पेटी मात्र अशी असते की तिच्यातून चित्र जातच नाही. तिला लॅनची वायर लागते, तिला स्वतःचा आयपी पत्ता असतो, आणि तिचे काम एवढेच की इतर उपकरणांना सांगायचे आणि त्यांच्याकडून ऐकायचे: कोणता चॅनल चालू, कोणता बंद, कोणत्या घरचा बॉक्स उघडायचा, कोणत्या घरचा मिटायचा. कुठे ही एक पेटी असते, कुठे सर्व्हर आणि उपकरणांतली नेटवर्क कार्डे मिळून हे काम करतात. सिग्नल चांगला राहावा म्हणून दुरुस्तीच्या हत्यारांतून ती विकसित झाली, असे सहज वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्याकडे तरी तिचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे. घरे किती हे कोणालाच खात्रीने सांगता येईना आणि सांगणाऱ्यावर कोणाचा विश्वास उरेना, तेव्हा ती रॅकमध्ये आली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा ३०० मीटरचा. तिथून बदलापूर सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरच्या आत, पण वाटेत मलंगगडाची रांग आडवी. म्हणून या पट्ट्यात उंच खांब, त्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना आणि बूस्टर हीच चित्राची किंमत होती. डोंगराआडच्या वस्तीला हा त्रास जगभर झाला आणि त्यावरचा तोडगाही सगळीकडे सारखाच निघाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात आणि ओरेगनमधल्या अस्टोरिया गावात १९४८-४९च्या सुमारास उंचावर एक सामायिक अँटेना लावून तिथून घरोघर वायर नेली गेली. केबल टीव्हीचा जन्म तो. या रचनेचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे भांडण त्यातूनच निघाले. सिग्नल एका टोकाला सोडला की तो उताराने वाहतो. दोन वाटांच्या स्प्लिटरवर तो निम्मा होतो, म्हणजे साडेतीन डेसिबलच्या आसपास उतरतो. लांब वायरीत आणखी उतरतो, मग ॲम्प्लिफायर लावून पुन्हा चढवायचा. पुढे किती घरांनी तो घेतला हे मागच्या टोकाला कळण्याची सोयच नाही. लाइनमन मीटर लावून ‘डीबी कमी आहे’ एवढे सांगू शकतो, पण डीबी का कमी, वायर जुनी म्हणून की मधेच कोणी तोडून दुसऱ्या घरात नेली म्हणून, हे मीटर सांगत नाही.

१९९१च्या आखाती युद्धाच्या बातम्यांनी आणि त्याच वर्षी आलेल्या स्टारने हे जाळे शहरांत पसरवले. २ ऑक्टोबर १९९२ला झी आला आणि मध्यमवर्गीय घरात केबल ही गरजेची गोष्ट झाली. जाळे गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर असे वाढले. ॲम्प्लिफायरला वीज पुष्कळदा त्याच इमारतीतल्या एखाद्या घरातून घेतलेली असे. भारनियमनाच्या काळात त्या इमारतीची वीज गेली की पुढच्या चार गल्ल्यांचे चित्र जाई, त्यांच्याकडे वीज असली तरी. ॲम्प्लिफायरचे गेन आणि स्लोप, म्हणजे सिग्नलची वाढ आणि त्याचा उतार, पेचकसाने फिरवायचे. बिघाड कळायचा तो ग्राहकाच्या फोनवरून, आणि माणूस दहा मिनिटांत सायकलवरून पोचायचा. दुरून लक्ष ठेवणाऱ्या यंत्राची या व्यवस्थेला उणीव भासत नव्हती.

उणीव भासली ती पैशांच्या बाजूला. १९९४च्या वटहुकमाने आणि १९९५च्या कायद्याने केबलचालकाला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करणे भाग पडले. नोंद चालकाची झाली, ग्राहकांची नाही. वाहिन्या एकेक करून सशुल्क होत गेल्या, दर जोडणीमागे पैसे मागू लागल्या, आणि जोडण्या किती हे सांगणार तो चालकच. राज्याचा करमणूक करही जोडणीमागेच होता आणि तो गोळा करणारे महसूल खाते त्याच आकड्यावर अवलंबून. जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती आणि २०११ मध्ये १,७४,२२६. दहा वर्षांत पावणेदोन पटीहून अधिक. जिथे महिन्या-महिन्याला नवी इमारत उभी राहते, नवे बिऱ्हाड येते, तिथे गेल्या वर्षीचा आकडा यंदा खोटा ठरायला लबाडीची गरज नाही, नुसता काळ पुरे. त्यात आकडा कमी सांगण्यात चालकाचा फायदा आणि जास्त मानण्यात वाहिनीचा. म्हणून आकडा मोजला जात नव्हता, तो ठरवला जात होता. समोरासमोर बसून, घासाघीस करून. वाहिनीने मनासारखा आकडा मिळेना म्हणून सिग्नल बंद करायचा आणि मधल्या मधे घरातल्यांनी सामन्याच्या दिवशी काळा पडदा पाहायचा, हे त्या काळात अनेक शहरांनी भोगले.

मधल्या माणसावरच्या अविश्वासातून यंत्र जन्माला येण्याची ही पहिली वेळ नव्हती. टेलिफोनची स्वयंचलित एक्स्चेंज यंत्रणा शोधणारा आल्मन स्ट्रॉजर हा कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणारा. आपल्याकडे येणारे फोन एक्स्चेंजमधली बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याचा संशय होता असे सांगितले जाते. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियानातल्या ला पोर्ट गावी त्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. जोडणी कोणी करायची, हा अधिकार माणसाच्या हातून काढून यंत्राकडे देणे हे त्या शोधाचे मर्म. केबलमधली नियंत्रक पेटी याच घराण्यातली.

चित्राला कुलूप लावण्याची कला अमेरिकेत आधी रुजली. एचबीओने जानेवारी १९८६ मध्ये उपग्रहावरचा आपला सिग्नल पूर्णवेळ सांकेतिक केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या एका डिश-विक्रेत्याने उपग्रहावर आपला संदेश चढवून त्याचा निषेध केला. डिजिटल काळात हे कुलूप दुहेरी झाले. चित्र ज्या किल्लीने उघडते ती काही सेकंदांनी बदलत राहते आणि सिग्नलबरोबरच झाकलेल्या रूपात येते. ते झाकण उघडण्याची परवानगी मात्र प्रत्येक बॉक्सला त्याच्या क्रमांकाने वेगळी पाठवावी लागते. म्हणजे पाठवणाऱ्याकडे प्रत्येक बॉक्सची यादी हवीच. यादीशिवाय हे कुलूप चालत नाही. जे कधी मोजता येत नव्हते ते इथे मोजल्याशिवाय दिसतच नाही.

भारतात हे कायद्याने आले. केबल कायद्यातल्या २००२च्या दुरुस्तीने सशुल्क वाहिन्यांसाठी अशी कुलपाची यंत्रणा सांगितली. चेन्नईत ती २००३ मध्ये लागू झाली, मुंबईत २००६च्या अखेरीस आणि तीही दक्षिण भागापुरती. खरा बदल झाला तो २०११च्या दुरुस्तीने: ॲनालॉग वायर बंद करून सेट-टॉप बॉक्स टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२, ३८ शहरांची ३१ मार्च २०१३, उरलेल्या शहरी भागाची ३१ डिसेंबर २०१५. या तारखांत आपल्या पट्ट्यापुरता एक पुरावा दडला आहे. ३८ शहरांत कल्याण-डोंबिवली होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर नव्हते. एकाच रेल्वेमार्गावर, कल्याणला सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाल्यावर पावणेतीन वर्षे शिरगावात ॲनालॉग वायर कायदेशीर राहिली. कल्याणपर्यंत आलेल्या तंत्राला पुढची चार स्टेशने ओलांडता येईनात असे नव्हते. फायबर तेवढ्या अंतराला अंतर मानत नाही. मोठी शहरे आधी घेणे सोयीचे होते, असे यावर म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण ती सोय कशाची? जिथे जोडण्या जास्त, तिथे न मोजलेले पैसे जास्त. टप्पे आखले गेले ते याच हिशेबाने, असे मला वाटते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप चित्राच्या दर्जाचा आहे. आठ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पूर्वी एक ॲनालॉग वाहिनी मावायची. डिजिटल मॉड्युलेशनने तेवढ्याच जागेत दहाहून अधिक मावतात आणि मुंग्या, सावल्या जातात. मग यंत्रणा ग्राहकाच्या भल्यासाठी आली असे का म्हणू नये? कारण दर्जा आणि कुलूप या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवता येतात हे सरकारनेच दाखवून दिले होते. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने सुरू केलेली डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा डिजिटल होती, बॉक्स लागत होता, आणि तरीही तिला कुलूप नव्हते, यादी नव्हती, मासिक वर्गणी नव्हती. चित्र स्वच्छ करायला मोजणी लागत नाही.

दुसरीकडून असेही सांगता येईल की अमेरिकेत ॲम्प्लिफायरच्या लांब साखळ्यांवर दुरून नजर ठेवणारी यंत्रणा कुलूप-किल्लीहून निराळ्या गरजेतून वाढली, आणि १९८८ मध्ये नेटवर्कवरच्या उपकरणांशी बोलण्याचा एसएनएमपी हा नियमसंचही बिघाड कळावा म्हणूनच तयार झाला. हे मान्यच करावे लागते. पेटीची एक आजी त्या घरची आहे, आणि आजच्या पेटीची बोलण्याची भाषा तिच्याकडूनच आली. पण आपल्याकडे माणूस सायकलच्या अंतरावर होता तोवर ती भाषा बोलण्याची गरज कोणाला पडली नाही. वंश भाषेवरून ठरवायचा की घरात आणण्याच्या कारणावरून, हा प्रश्न आहे आणि मी कारणाच्या बाजूने आहे.

पेटी बसवताना काय करावे लागते हे पाहिले तर ते कारण आणखी स्पष्ट दिसते. रॅकला अर्थिंग नीट आहे का ते आधी पाहायचे. पावसाळ्यात डोंगरपायथ्याच्या विजा डिशच्या वायरीतून आत येतात, आणि नेटवर्कचे पोर्ट त्यात सर्वांत आधी जळते. मग लॅपटॉप थेट पेटीला जोडायचा, कारखान्यातून आलेला पत्ता, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा, उघडायचा आणि लगेच दोन गोष्टी बदलायच्या: पासवर्ड आणि पत्ता. दोन पेट्यांना एकच पत्ता राहिला तर एकदा ही सापडते, एकदा ती, आणि अर्धा दिवस वायर तपासण्यात जातो. मल्टिप्लेक्सरच्या पत्त्यात एक अंक चुकला तर किल्ली चित्रापर्यंत पोचत नाही. या चुका पडद्यावर दिसतात, म्हणून दुरुस्तही होतात. घड्याळाची चूक मात्र दिसत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७च्या नियमांनुसार वाहिनीचे ग्राहक महिन्यातून चारदा, ७, १४, २१ आणि २८ तारखेला, संध्याकाळी ७ ते रात्री ११ या वेळेत मोजायचे आणि त्याची सरासरी धरायची. यंत्रणेचे घड्याळ भारतीय वेळेऐवजी जागतिक वेळेवर राहिले, तर तिच्या लेखी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा शिरगावात मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. सात तारखेची मोजणी आठ तारखेला पडते. चित्रात तसूभर फरक नाही, लाइनमनच्या मीटरवर नाही, ग्राहकाची तक्रार नाही. चुकते ते फक्त बिल, आणि ते चुकलेले लेखापरीक्षणात उघडे पडते, कारण दोन वर्षांच्या नोंदी जपण्याची अट आहे. ज्या उपकरणातली सर्वांत महागडी चूक पडद्यावर उमटतच नाही, त्याला चित्राचे उपकरण कसे म्हणायचे?

मोजणी वाईट, असे यातून निघत नाही. घासाघिशीचा जुना काळ ग्राहकाला परवडणारा नव्हता आणि करचुकवेगिरीही त्यात मुरलेली होती. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या दरपद्धतीत हवी ती वाहिनी घेऊन तिचेच पैसे देण्याची मुभा मिळाली, ती याच यादीच्या जोरावर. माझी तक्रार यादीच्या मालकीविषयी आहे. गल्लीतला चालक पूर्वी आकडा ठरवणाऱ्यांपैकी एक होता. आता यादी त्याला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि त्याला तिचा जेवढा तुकडा दाखवला जाईल तेवढाच दिसतो. त्याच्या वसुलीतला वाटा त्या तुकड्यावर ठरतो. जबाबदारी त्याची, वायर त्याची, पावसात खांबावर चढणारा माणूस त्याचा, आणि आकडा दुसऱ्याच्या हाती. म्हणून पेटी बसवतानाच त्याच्या नावाचे निदान वाचण्यापुरते खाते तयार करावे, मोजणीच्या चारही तारखांच्या नोंदीची प्रत त्याला आपोआप मिळावी, आणि सेटिंगची एक प्रत त्याच्या खोलीत राहावी. तंत्राच्या दृष्टीने हे दहा मिनिटांचे काम आहे.

हे आत्ताच ठरवणे निकडीचे आहे, कारण पेटीचा पुढचा वंशज त्याच रॅकमध्ये येऊन बसला आहे. टीव्हीची वायर जाऊन इंटरनेटचे फायबर घरात येते तेव्हा कंट्रोल रूममध्ये ओएलटी, म्हणजे घरोघरच्या फायबरचे नियंत्रण करणारे उपकरण, बसतो. घरातल्या प्रत्येक छोट्या डब्याचा अनुक्रमांक त्यात नोंदवलेला लागतो. नोंद नसलेला डबा फायबरला जोडला, दिवा लागला, प्रकाश पुरेसा असला, तरी ओएलटी त्याला सेवा देत नाही. इथे तर मोजल्याविना वाहणारा सिग्नल कधी नव्हताच. यादी पहिल्या दिवसापासून आहे, आणि बदलापुरात नव्या इमारतींबरोबर ती रोज वाढते आहे.