क्वेकर पंथाचा कारावास

इंग्लंडच्या मेरी राणीनें सोळाव्या शतकांत प्रॉटेस्टंटांस जिवंत जाळलें, तें पाखंडी म्हणूनच. त्या क्रौर्यांत आडपडदा नव्हता. पुढें शंभर वर्षांनीं, म्हणजे १६६० सालीं दुसरा चार्लस गादीवर आल्यानंतर, त्याच देशांतील तुरुंग क्वेकर पंथाच्या लोकांनीं भरून गेले. पण आतां राज्यकर्त्यांची भाषा बदलली होती. यांच्या मतांशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. हे लोक कायदा मोडून जमतात, शपथ घेण्याचें नाकारतात, न्यायासनापुढें टोपी काढीत नाहींत, म्हणून यांस शिक्षा, असें सांगण्यांत येऊं लागलें. या तिन्ही गुन्ह्यांच्या मुळाशीं मतच होतें, हें उभय पक्षांस पक्कें ठाऊक होतें. तथापि या बतावणीमुळेंच एक असें प्रकरण घडलें कीं, त्यांत क्वेकर नसलेल्या माणसांसहि तुरुंगाची वाट धरावी लागली. त्या प्रकरणाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

क्वेकर पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स हा एका विणकराचा मुलगा. ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतःकरणांत आहे, मग मध्यें भटभिक्षुक कशास, हें त्याचें सांगणें. त्याचे अनुयायी उपासनेस जमत ते मुकाट्यानें बसून राहत; ज्यास आंतून प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोले. येथवर कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. परंतु सर्व माणसें सारखीं हें एकदां मानलें, कीं एकापुढें टोपी काढावयाची व दुसऱ्यापुढें नाहीं, हा भेद कसा चालावा? आपल्याकडे बोडक्या डोक्यानें वडीलधाऱ्यांपुढें जाणें हा अनादर मानीत, आणि दरबारांत तर पागोट्यावांचून पाऊल टाकतां येत नसे. इंग्रजांची रीत नेमकी उलट. तेथें टोपी डोक्यावर ठेवणें म्हणजे समोरच्याची पायरी न ओळखणें. शिवाय हे लोक न्यायाधीशापासून मोलकऱ्यापर्यंत सर्वांस सरसकट ‘अरेतुरे’ करीत. जहागीरदाराच्या तोंडावर विणकराच्या पोरानें ‘तूं’ म्हणावें, याचा किती संताप येत असेल, हें ज्यांच्या भाषेंत ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत त्यांस निराळें सांगावयास नको.

शपथेची गोष्ट याहून गंभीर होती. मुळींच शपथ वाहूं नका, असें ख्रिस्ताचें वचन. तें क्वेकरांनीं अक्षरशः मानलें. न्यायाधीशांस हें फार सोयीचें पडलें. दुसरा कोणताहि आरोप शाबीत होईना, कीं राजनिष्ठेची शपथ पुढें करावयाची. ती नाकारली कीं मालमत्ता जप्त व राजाची मर्जी असेपर्यंत कैद! स्वार्थमूर हॉल येथें आपल्या घरीं सभा भरविणाऱ्या मार्गारेट फेल या बाईस १६६४ सालीं अशीच शिक्षा झाली. लँकॅस्टरच्या किल्ल्यांत ती १६६८ पर्यंत होती, आणि स्त्रियांनीं उपदेश करणें शास्त्रविरुद्ध नाहीं, असें प्रतिपादणारें पुस्तक तिनें तेथूनच लिहिलें. १६६१ च्या जानेवारींत लंडनांत दुसऱ्याच एका पंथानें सशस्त्र बंड केलें. पण पकडले गेले ते शस्त्र न धरणारे चार हजारांहून अधिक क्वेकर. तुरुंगांतील ताप तर शिक्षेच्या जोडीला होताच. एडवर्ड बरो हा तरुण उपदेशक तिशीचाहि झाला नव्हता; तो १६६३ सालीं न्यूगेटच्या तुरुंगांत वारला.

१६७० सालीं पार्लमेंटनें नवा कायदा केला. घरच्या माणसांखेरीज पांचांहून अधिक माणसें राजमान्य पद्धतीवांचून उपासनेस जमलीं तर दंड, आणि दंडाचा तिसरा हिस्सा चहाडी सांगणाऱ्यास! १४ ऑगस्ट १६७० रोजीं, रविवारीं, लंडनांतील ग्रेसचर्च रस्त्यावरील क्वेकरांच्या सभागृहाचीं दारें शिपायांनीं अडविलेलीं आढळलीं, तेव्हां विल्यम पेन रस्त्यावरच बोलावयास उभा राहिला. वय पंचवीस, बाप आरमाराचा अ‍ॅडमिरल. त्याच्याबरोबर विल्यम मीड नांवाचा कापडव्यापारीहि पकडला गेला. नव्या कायद्यानें चाललें असतें तर मॅजिस्ट्रेटानें ज्यूरीवांचूनच निकाल दिला असता. परंतु सरकारास मोठी शिक्षा हवी होती. म्हणून बेकायदा जमाव करून शांतताभंग केल्याचा आरोप ठेवण्यांत आला, आणि त्या ओघानें बारा ज्यूरर आले. अतिलोभानें राजसत्ताहि कशी फसते पाहा.

१ सप्टेंबरला खटला उभा राहिला. ३ तारखेस दोघांस पुन्हां आणलें तेव्हां दारांतच शिपायानें त्यांच्या टोप्या काढल्या होत्या. लॉर्ड मेयर स्टार्लिंग यानें त्या परत डोक्यांवर ठेवविल्या, आणि मग टोप्या काढल्या नाहींत म्हणून दोघांसहि प्रत्येकीं ४० मार्क, म्हणजे २६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स दंड ठोठावण्यांत आला! आमच्यावर आरोप आहे तो कोणत्या कायद्याखालीं, हें पेननें विचारलें. रेकॉर्डर हॉवेल म्हणाला, परंपरागत कायद्याखालीं. तो इतका सर्वश्रुत असेल तर दाखविणें जड जाऊं नये, असें पेननें म्हणतांच त्यास कोर्टाच्या कोपऱ्यांतील कठड्यांत कोंडण्यांत आलें.

ज्यूरी विचारास गेली. दीड तासानें आठ जण खालीं आले, चौघे येईनात. त्यांत एडवर्ड बुशेल हा मुख्य. अखेर बाराहि जणांनीं मिळून निर्णय दिला कीं, पेन ग्रेसचर्च रस्त्यावर बोलला हें खरें. एवढेंच! पुढें ‘जमावापुढें’ हा शब्द त्यांनीं जोडला. ‘बेकायदा’ हा शब्द कांहीं केल्या जोडीनात. मेयरनें बुशेलचें नाक कापण्याची धमकी दिली. रेकॉर्डरनें स्पेनांतील इन्क्विझिशनची स्तुति केली. अन्न, पाणी, शेगडी, तंबाखू यांवांचून ज्यूरीस कोंडून ठेवण्यांत आलें; मागितलें असतां शौचपात्रहि मिळालें नाहीं. अशा दोन रात्री गेल्या. सोमवारीं, ५ सप्टेंबरला, बाराहि जणांनीं निर्णय सांगितला तो ‘दोषी नाहींत’ असा. तत्क्षणींच प्रत्येक ज्यूररास ४० मार्क दंड आणि तो भरीपर्यंत न्यूगेटचा तुरुंग! सुटलेले आरोपीहि टोपीचा दंड न भरल्यामुळें त्याच तुरुंगांत गेले. पेनचा बाप मरणशय्येवर होता. दंड भरूं नये म्हणून मुलानें विनविलें असतांहि तो परस्पर भरला गेला. १६ सप्टेंबरला बाप वारला.

ही हकीकत आरोपींनींच छापविली असल्यामुळें सावधपणें वाचावी लागते; मेयर स्टार्लिंगनेंहि तिला उत्तर छापलें होतें. तथापि ज्यूरीचा दंड व कैद हीं निर्विवाद आहेत, कारण त्यांचा निवाडा पुढें वरिष्ठ न्यायालयांत झाला. बुशेल आणि त्याचे तीन सोबती दंड भरीनात. हेबिअस कॉर्पसच्या अर्जावर नोव्हेंबरांत मुख्य न्यायमूर्ति व्हॉन यांनीं त्यांस सोडलें. एकाच्या डोळ्यांनीं दुसऱ्यास पाहतां येत नाहीं. ज्यूरीस पुरावा कसा पटला हें न्यायाधीश कशावरून ठरविणार, आणि निर्णय तोच सांगणार असेल तर ज्यूरी हवी कशास, अशी त्यांची विचारसरणी. आमच्या मतें या प्रकरणांत पेनपेक्षां बुशेलचें धैर्य अधिक. पेन आपल्या श्रद्धेसाठीं तुरुंगांत गेला, बुशेल दुसऱ्याच्या. मात्र त्या धैर्यास नियमाचाहि टेंका होता. इंग्लंडांत बारा जणांचें एकमत लागे, म्हणून चौघे अडून बसूं शकले. १९०८ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत नऊ ज्यूररांपैकीं दोघांनीं त्यांस निर्दोषी ठरविलें होतें. परंतु येथें बहुमत पुरत असे, आणि सातांपुढें दोघांचें कांहीं चाललें नाहीं.

असो. व्हॉन यांच्या निवाड्यानें ज्यूरर निर्भय झाले; क्वेकर झाले नाहींत. १६७१ च्या आरंभीं पेन पुन्हां पकडला गेला. या वेळीं लंडन टॉवरचा अधिकारी सर जॉन रॉबिन्सन यानें ज्यूरीच्या भानगडींत न पडतां त्याच्यापुढें शपथ ठेवली. पेन ती घेणार नाहीं हें त्यास ठाऊकच होतें. सहा महिने न्यूगेट!

१६७२ सालीं राजानें स्वतःच्या अधिकारांत माफी दिली. सुमारें पांचशें क्वेकरांच्या नांवांच्या त्या माफीपत्रांत इतर पंथांच्या कांहीं कैद्यांचीं नांवें क्वेकरांनीं आपण होऊन घालूं दिलीं. त्यांत बेडफर्डच्या तुरुंगांत बारा वर्षें काढलेला जॉन बन्यन होता. हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं मराठींत आणलेलें ‘यात्रिकक्रमण’ ज्याच्या ग्रंथावरून झालें, तोच हा. या बन्यननें आपलें पहिलें पुस्तक क्वेकरांच्या मतांचें खंडन करण्यासाठीं लिहिलें होतें.

पण लवकरच धोरण फिरलें आणि तुरुंग पुन्हां भरले. १६८२ सालीं ब्रिस्टल शहरांतील क्वेकर स्त्रीपुरुष इतके पकडले गेले कीं, सभेस मोठें माणूस उरलें नाहीं. तेव्हां त्यांचीं मुलें ठरल्या वेळीं जमून मुकाट्यानें बसूं लागलीं. अधिकाऱ्यांनीं त्यांस छड्यांनीं मारलें, कांहींना कोठडींत टाकलें. तरी सभा मोडली नाहीं. जमण्याची मोकळीक १६८९ च्या कायद्यानें मिळाली, आणि शपथेऐवजीं नुसती प्रतिज्ञा करण्याची सवलत १६९६ सालीं. ब्रिस्टलच्या त्या मुलांपैकीं जीं दहा-बारा वर्षांचीं होतीं, तीं तेव्हां पंचविशीला आलीं होतीं.