कंपाइल कोणी करावे? : आलेखांच्या एक्स्टेन्शनांचा इतिहास

आकड्यांची सारणी दिली असता तिचा आलेख उभा करणारा तयार प्रोग्रामसंच, ज्याला संगणकाच्या व्यवहारात लायब्ररी म्हणतात, कितीही व्यापक असला तरी प्रत्येक शास्त्रशाखेला हवी असलेली आकृती त्यात सापडेलच असे नसते. म्हणून मूळ संचाला हात न लावता त्याला नवा घटक जोडण्याची सोय अशा लायब्रऱ्यांना ठेवावी लागते आणि या जोडलेल्या घटकाला एक्स्टेन्शन असे नाव आहे. एक्स्टेन्शन लिहिणे हे एक काम आणि ते परक्या संगणकावर चालते करणे हे दुसरे. पायथन भाषेच्या जगात या दुसऱ्या कामाची रीत गेल्या दोन दशकांत ज्या क्रमाने बदलत गेली तो क्रम पाहिला, तर सारा वाद एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो : माणसाने लिहिलेल्या मजकुराचे, म्हणजे सोर्स कोडचे, चालवण्याजोग्या रूपात रूपांतर करण्याचे काम, म्हणजेच कंपाइल, लेखकाने करावे की वापरणाऱ्याने?

शिकागो विद्यापीठात मज्जाशास्त्राचे संशोधन करणारे जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेत पाहण्याच्या गरजेतून मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी लिहिली आणि २००३ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिच्यावर नकाशे काढता यावेत म्हणून जेफ व्हिटेकर यांनी बेसमॅप हे एक्स्टेन्शन तयार केले. नकाशावरील किनारे आणि सीमारेषा यांची भूमिती जिऑस नावाच्या, सी++ भाषेत लिहिलेल्या लायब्ररीवर सोपवलेली असल्यामुळे बेसमॅपच्या गाठोड्यात जिऑसचा सोर्स कोडही दिलेला असे, आणि वापरणाऱ्याने आधी तो स्वतःच्या यंत्रावर कंपाइल करून मगच बेसमॅप बसवावा अशी अपेक्षा असे. लिनक्सवर वावरणाऱ्या जाणकाराला हे जमत असे. परंतु विंडोज वापरणाऱ्या, ज्याच्याकडे सी++चा कंपाइलर मुळातच नाही अशा हवामानाच्या अभ्यासकाचा मार्ग नकाशाच्या कितीतरी आधीच अडत असे. सोर्स कोड सर्वांना खुला होता, आणि तरीही त्याचा उपयोग मोजक्यांनाच होत होता, ही त्या काळातील व्यवस्थेची खरी उणीव होय.

ती उणीव प्रथम भरून काढली ती एका व्यक्तीच्या कष्टांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेत काम करणारे क्रिस्टोफ गोल्के हे पायथनची शेकडो पॅकेजे विंडोजसाठी कंपाइल करून अनेक वर्षे विनामूल्य देत राहिले, आणि विज्ञानातील पायथनच्या प्रसारात या शांतपणे केलेल्या कामाचा वाटा जेवढा मानला जातो त्याहून बराच मोठा आहे. संस्थात्मक उपाय नंतर आले. कॉन्टिन्युअम अ‍ॅनालिटिक्स या कंपनीने २०१२ मध्ये पुढे आणलेल्या कोंडा या साधनामुळे पायथनखेरीज इतर भाषांतील लायब्रऱ्याही कंपाइल केलेल्या स्थितीत बसवता येऊ लागल्या, तर डॅनिएल होल्थ यांनी मांडलेला आणि २०१३ मध्ये स्वीकारला गेलेला व्हील हा साचा पायथनचा अधिकृत साचा ठरला. त्यात तयार फायली एका झिप गाठोड्यात ठेवलेल्या असतात आणि ते गाठोडे कोणत्या पायथनसाठी व कोणत्या यंत्रणेसाठी आहे हे फाइलच्या नावातच सांगितलेले असते.

प्रश्न सुटत आला असे वाटण्याच्या सुमारास आलेख मात्र कागदावरून ब्राउझरमध्ये गेला होता. याच कॉन्टिन्युअममधून २०१३ मध्ये बाहेर पडलेल्या बोके या लायब्ररीची रचना दुहेरी आहे : पायथनमधील प्रत्येक घटकाचा एक जोडीदार ब्राउझरमधील जावास्क्रिप्टच्या भागात, म्हणजे बोकेजेएसमध्ये, असतो, आणि या दोहोंमधील माहिती जेसन या मजकुरी साच्यातून ये-जा करते. साहजिकच बोकेला नवा घटक जोडणाऱ्यालाही दोन अर्धे लिहावे लागतात. ब्राउझरकडचा अर्धा आरंभी कॉफीस्क्रिप्टमध्ये आणि पुढे टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिला जाई. या दोन्ही भाषा ब्राउझरला थेट कळत नसल्यामुळे त्यांचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणे भाग असते. सुरुवातीच्या पद्धतीत हा मजकूर पायथनच्या वर्गालाच चिकटवलेला असे आणि आलेख तयार होण्याच्या वेळी बोके त्याचे रूपांतर करून घेई, त्यासाठी वापरणाऱ्याच्या यंत्रावर नोडजेएस हा जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम असणे आवश्यक होते. लेखकाला प्रयोग करून पाहण्यासाठी ही सोय उत्तम होती, कारण एक ओळ बदलली की परिणाम लगेच दिसे. वाटपासाठी मात्र ती गैरसोयीची ठरली : जिऑसच्या काळातले ओझे नव्या भाषेत पुन्हा वापरणाऱ्याच्याच डोक्यावर आले होते.

यावर बोकेने काढलेला तोडगा म्हणजे आधीच कंपाइल केलेली एक्स्टेन्शने. लेखकाने 'बोके इनिट' ही आज्ञा दिली की एक्स्टेन्शनची ओळख सांगणारी फाइल, ज्या इतर लायब्रऱ्यांवर ते विसंबते त्यांची यादी आणि टाइपस्क्रिप्टची मांडणी असा सांगाडा तयार होतो. 'बोके बिल्ड' म्हटले की टाइपस्क्रिप्टच्या साऱ्या फायली कंपाइल होऊन 'डिस्ट' नावाच्या फोल्डरात एकत्र बांधल्या जातात. आणि हे फोल्डर पायथनच्या पॅकेजमध्ये ठेवून दिले की वापरणाऱ्याला नोडजेएसचे नावही ठाऊक असण्याची गरज उरत नाही. या बांधणीतील सर्वांत नाजूक भाग असा की एक्स्टेन्शन ज्या बोकेजेएसवर उभे आहे ते या गाठोड्यात घालायचे नसते. ते पानावर आधीच आलेले असते, आणि त्याची दुसरी प्रत सोबत आली तर एकाच नावाचे दोन वर्ग अस्तित्वात येतात, जे मजकुराने सारखे असूनही ब्राउझरच्या लेखी परस्परांना परके असतात, आणि मग नवा घटक मूळ कुटुंबातला आहे की नाही ही तपासणीच फसते. म्हणून बांधणीच्या वेळी बोकेजेएसचे भाग वगळून त्यांच्या जागी केवळ निर्देश ठेवले जातात, जे पान उघडल्यावर तिथल्या प्रतीशी जोडले जातात.

या व्यवस्थेमुळे लेखकावर दोन नवी कर्तव्ये आली. ब्राउझरकडचा अर्धा स्वतःच्या सर्व्हरवरून न देता जाहीर वितरणजाळ्यावरून द्यायचा असेल, तर तेच एक्स्टेन्शन पायथनच्या पायपीआय या भांडारात आणि जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारात अशा दोन ठिकाणी, जुळत्या आवृत्तिक्रमांकाने प्रसिद्ध करावे लागते. एका ठिकाणी विसर पडला की पायथनकडचा नवा अर्धा ब्राउझरकडच्या जुन्या अर्ध्याशी बोलू लागतो. दुसरे कर्तव्य काळाशी निगडित आहे : निर्देश बोकेजेएसच्या अंतर्गत रचनेकडे बोट दाखवत असल्यामुळे ती रचना बदलली की एक्स्टेन्शन पुन्हा कंपाइल करून पुन्हा वाटावे लागते. बोकेवर उभारलेले पॅनेल हे साधन या रीतीचे सर्वांत मोठे उदाहरण मानता येईल. ते स्वतः एक कंपाइल केलेले बोके-एक्स्टेन्शन आहे, आणि बोकेच्या मोठ्या आवृत्तीमागोमाग त्यालाही नवी आवृत्ती काढावी लागते. वापरणाऱ्याची सुटका झाली ती लेखकाच्या या न संपणाऱ्या राबण्याच्या बळावर, आणि हा व्यवहार योग्यच आहे, कारण लेखक एक असतो आणि वापरणारे असंख्य.

ब्राउझरमध्ये पायथनच्या नोटबुका चालवणाऱ्या शेजारच्या ज्युपिटरलॅबलाही हाच वळसा घालावा लागला. तेथे पूर्वी एक्स्टेन्शन बसवणे म्हणजे नोडजेएस घेऊन संपूर्ण कार्यक्रम नव्याने बांधणे असे. २०२० च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने वेबपॅक या जावास्क्रिप्टची गाठोडी बांधणाऱ्या साधनाच्या मॉड्यूल फेडरेशन या तंत्राचा आधार घेतला, ज्यात स्वतंत्रपणे बांधलेली गाठोडी पान उघडल्यावर सामायिक भाग वाटून घेतात, आणि तेव्हापासून एक्स्टेन्शन साध्या पायथन पॅकेजसारखे बसवता येऊ लागले. २०२३ मध्ये ट्रेव्हर मान्झ यांच्या पुढाकाराने आलेल्या एनीविजेट या साधनाने त्यापुढचे पाऊल टाकले : आधुनिक ब्राउझरला जावास्क्रिप्टची मॉड्यूले थेट वाचता येतात, तेव्हा लहान घटकाचा सोर्स कोड जसाच्या तसा पाठवला तरी चालतो. टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या किंवा इतर लायब्रऱ्यांवर विसंबणाऱ्या मोठ्या घटकांसाठी मात्र तेथेही बांधणीची पायरी कायम आहे, आणि ती लेखकानेच प्रकाशनापूर्वी पार पाडायची असते.