क्लिकचा लिलाव : जाहिरातखर्चाचा थोडा इतिहास

पुण्याकडच्या माणसाला तळेगाव म्हटलं की दाभाड्यांचं तळेगाव आठवतं. आपलं श्यामजी पंतांचं तळेगाव सांगायला दोन वाक्यं जास्त लागतात. ही नावाची गंमत पैशाला कशी लागते, ते आज सांगायचंय.

माझ्या भाच्यानं आंबिया बहराची संत्री घरपोच विकायची ठरवली. व्यापाऱ्याला झाडावरचा माल देण्यापेक्षा दोन पैसे जास्त सुटतील, हा हिशेब. गूगलवर जाहिरात लावली. आठवड्यात तीन हजार गेले आणि ऑर्डरी आल्या दोन.

जाहिरातीच्या खर्चाचं दुखणं तसं जुनं आहे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तीच मुळी कारखान्याचा माल लोकांपर्यंत नेण्यासाठी. पण वाचून नांगर कोणी घेतला, हे नेमकं कसं मोजणार? वर्तमानपत्रातली जाहिरात तर जागेचं भाडंच. कोणी वाचो, न वाचो, बिल तेवढंच.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉसच्या ‘गोटू’ कंपनीनं हे उलटं केलं. लोक जो शब्द शोधतात त्याचा लिलाव, आणि पैसे फक्त कोणी जाहिरातीवर बोट ठेवलं तरच. कल्पना नामी होती. पण जो जास्त बोलेल तो वर, आणि बोली सगळ्यांना उघड दिसायची. मग एकानं एक सेंट वाढवला की दुसरा वाढवायचा, परवडेना झालं की धाडकन खाली, की पुन्हा चढाओढ.

गूगलचं अ‍ॅडवर्ड्स ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांवर सुरू झालं. तेव्हा आकार दाखवण्याचा होता, क्लिकचा नव्हे. खरा बदल फेब्रुवारी २००२ चा. आता नुसती बोली नाही, तर जाहिरात लोकांना किती उपयोगी वाटते, किती जण ती उघडतात, हेही गुणायचं. समजा, एकाची बोली १० रुपये आणि गुण ४, म्हणजे ४०. दुसऱ्याची बोली ६ आणि गुण ८, म्हणजे ४८. दुसरा वर! आणि त्याला ६ नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरते, म्हणजे ५ रुपयांच्या आसपासच द्यावे लागतात. आपल्या बाजार समितीत असं कधी होतं का? तिथे बोलाल ते मोजा.

आता भाच्याकडे येऊ. कोणत्या शब्दांवर पैसे गेले, याची यादी गूगल देतं. ती त्यानं उघडलीच नव्हती. आम्ही बसून पाहिली. ‘संत्रा बर्फी कशी करावी’. ‘संत्रा आजचा भाव’, म्हणजे आपलेच शेतकरी भाऊ भाव बघताहेत आणि दाम हा मोजतोय! आणि ‘संत्रा देशी’. हसू नका, आपल्या भागात संत्रा म्हणजे काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय ‘तळेगाव फळवाले’ शोधणारे सगळे दाभाड्याचे.

हे शब्द नको म्हणून कळवता येतात. त्यांना निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. ‘बर्फी’, ‘भाव’, ‘देशी’, ‘दाभाडे’ काढले. ठिकाणाच्या रकान्यात नागपूर होतं, पण आपोआप असलेल्या निवडीत नागपुरात ‘रस असलेले’ लोकही मोजले जातात. ते बदलून प्रत्यक्ष तिथे असलेलेच ठेवले. पानावर पेटीचं वजन आणि भाव स्पष्ट लिहिला. दोन आठवड्यांत एका ऑर्डरीमागचा खर्च दीड हजारावरून दीडशेच्या आत आला.

बाग मात्र तोवर अर्धी उतरली होती, आणि तो माल व्यापाऱ्याकडेच गेला.