तंबोऱ्याची नक्कल आणि बौद्धिक संपदा : मिरज ते बंगळुरू

प्रास्ताविक

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे लागलेले तुम्ही पाहिले असतील. गाण्याच्या क्लासात किंवा घरच्या रियाजाला मात्र बहुधा एक लहानसा डबा असतो. बटण फिरवले की त्यातून तंबोऱ्याचा झंकार अखंड चालू राहतो. यांपैकी लाकडी तंबोऱ्याचे नावाजलेले गाव मिरज आणि विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याचे जन्मस्थान बंगळुरू.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. डबा ही तंबोऱ्याची उघड नक्कल आहे, तरी त्याला कोणी बनावट म्हणत नाही. उलट दुसऱ्या गावी घडवलेला, चांगला वाजणारा लाकडी तंबोरा कोणी 'मिरजेचा' म्हणून विकला, तर तो मात्र बनावट ठरतो. असे का? नक्कल आणि बनावट यांतला हा फरक या पाठात आपण वाद्यांच्या इतिहासातून समजून घेणार आहोत.

नक्कल ही वाद्यांची परंपरा

वाद्य बनवण्याची कला पाहून आणि करून शिकली जाते. शागीर्द उस्तादाच्या वाद्याचे माप घेतो, तसेच दुसरे घडवतो आणि मग त्यात स्वतःची भर घालतो. एका वाद्यापासून दुसरे निघते ते असेच.

आपल्या पेटीचे उदाहरण घ्या. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबां याने 'हार्मोनियम' या नावाने आपल्या वाद्याचे पेटंट घेतले. ते नाव राखीव झाल्याने तशीच वाद्ये करणाऱ्या इतर कारखानदारांना वेगळी नावे शोधावी लागली. पुढे हे वाद्य भारतात आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीने पायाच्या भात्याऐवजी हाताचा भाता असलेली, जमिनीवर बसून वाजवता येणारी पेटी तयार केली. पेटंट ठरावीक मुदतीपुरते आणि ज्या देशात घेतले त्या देशापुरते असते. त्यामुळे आपली पेटी ही चोरी ठरत नाही. ती एका कल्पनेची पुढची पायरी आहे.

व्हायोलिनची गोष्ट वेगळी आहे. इटलीतील क्रेमोना येथील अंतोनिओ स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये वारला. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनी, फ्रान्स आणि बोहेमियातील कारखान्यांतून स्वस्त व्हायोलिन मोठ्या संख्येने बाहेर पडली. त्यांच्या पोटात स्ट्रॅडिव्हरीच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेली असे. 'हे त्याच्या नमुन्यावरून केले आहे' एवढाच तिचा अर्थ पुष्कळदा असे. पण वाद्य दोन-तीन हातांतून फिरले की तीच चिठ्ठी अस्सलपणाचा दाखला म्हणून दाखवली जाई. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर उत्पादनाच्या देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यानंतर अशा चिठ्ठ्यांवर देशाचे नाव दिसू लागले.

या दोन उदाहरणांत नक्कल दोन्हीकडे आहे. पेटीच्या बाबतीत रचना घेतली गेली. व्हायोलिनच्या बाबतीत रचनेबरोबर नावही घेतले गेले आणि गिऱ्हाईक फसले.

मिरज : शस्त्रे करणारे हात तंबोऱ्याकडे

मिरज हे सांगली जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. इथले वाद्य कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी घटली आणि एकोणिसाव्या शतकात या घराण्यांतील फरीदसाहेब व मोहिद्दीन हे वाद्यांच्या दुरुस्तीकडे व मग निर्मितीकडे वळले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा संगीताला आश्रय होता. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हेही मिरजेत राहिले. वाद्याच्या दुरुस्तीत त्यांना स्वतःला गती होती. गायकाचा कान आणि कारागिराचा हात एका गावात आल्याने इथल्या तंबोऱ्याचे नाव दूरवर गेले.

तंबोऱ्यासाठी मोठा भोपळा लागतो. तो सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून येतो. लाकूड कर्नाटकाच्या जंगलांतून येते. पण खरे कसब जवारी काढण्यात असते. घोडीचा पृष्ठभाग अगदी किंचित उताराचा घासून तार आणि घोडी यांच्यात बारीक दोरा सरकवला जातो. तारेतून अनेक स्वर एकदम खुलतात ते त्यामुळे. हे काम कानाने होते, त्याचे लिखित कोष्टक नाही.

मिरजेच्या वाद्यांना मागणी मोठी आणि माल मर्यादित. त्यामुळे बाहेर बनलेली वाद्ये मिरजेच्या नावाने विकली जाऊ लागली. तक्रारी मिरजेकडे येऊ लागल्या तेव्हा तिथल्या कारागिरांनी २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला. ३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्रपणे मानांकन मिळाले. त्याआधी २०१३ मध्ये तंजावरच्या सरस्वती वीणेला असे मानांकन मिळाले होते.

बंगळुरू : डब्यातला तंबोरा

मिरजेहून बेळगाव, हुबळीमार्गे जाणारी रेल्वे बंगळुरूला पोचते. या शहराचा विसाव्या शतकातला इतिहास यंत्रांचा आहे. १९४० मध्ये विमाने बनवणारी हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९४८ मध्ये टेलिफोनची आयटीआय आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे कारखाने इथे उभे राहिले. त्याच शहरात कर्नाटक संगीताच्या सभाही भरत होत्या. अभियंता आणि संगीतप्रेमी एकाच माणसात भेटणे इथे नवल नव्हते.

जी. राज नारायण हे असेच अभियंते आणि बासरीवादक. त्यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि त्यांच्या 'राडेल' या कंपनीने तो घरोघरी पोचवला. रियाजाला सोबत करणारा माणूस हाताशी नसतो, लाकडी तंबोरा महाग असतो आणि प्रवासात सांभाळणे कठीण जाते. ही खरी अडचण या डब्याने सोडवली. सुरुवातीची यंत्रे विद्युतमंडलातून झंकार निर्माण करीत. पुढे खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण चिपमध्ये साठवून वाजवणारी यंत्रे आली. आज हेच काम मोबाईलवरची ॲप्सही करतात.

कायदा नेमके काय राखतो?

एकाच वाद्यात अनेक प्रकारची संपदा असू शकते. ती वेगवेगळी ओळखायला शिका.

१. नवीन शोध : पेटंट, मुदत २० वर्षे. पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही, असे आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ (पी) सांगते. म्हणून जवारीचे पेटंट मिरजेचा कारागीर घेऊ शकत नाही आणि परदेशी कंपनीही घेऊ शकत नाही.

२. बाह्य रूप : नोंदणीकृत डिझाइन, मुदत १० वर्षे व आणखी ५.

३. चिपची अंतर्गत मांडणी : २००० चा स्वतंत्र कायदा, मुदत १० वर्षे. चिपमधला प्रोग्रॅम कॉपीराइटखाली येतो.

४. साठवलेला आवाज : ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट. दुसऱ्याच्या डब्यातले मुद्रण उचलणे हा भंग आहे. स्वतः तंबोरा छेडून नवे मुद्रण करणे हा भंग नाही.

५. उत्पादकाचे नाव व चिन्ह : ट्रेडमार्क, दर १० वर्षांनी नूतनीकरण.

६. गावाचे नाव : १९९९ च्या कायद्याखालील भौगोलिक मानांकन, तेही १० वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. हे कोणा एकाच्या मालकीचे नसते. त्या प्रदेशातला, 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद झालेला उत्पादक ते वापरू शकतो.

खोटा ट्रेडमार्क किंवा खोटे भौगोलिक मानांकन लावणे हा गुन्हा आहे. १९९९ च्या दोन्ही कायद्यांत त्यासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि दंड सांगितला आहे. मात्र वाद्याच्या आकारावर कायमचा हक्क सहसा मिळत नाही. अमेरिकेत 'फेंडर' कंपनीने आपल्या गिटारींच्या आकारांची ट्रेडमार्क म्हणून नोंद मागितली. ते आकार अनेक उत्पादक वर्षानुवर्षे वापरत असल्याने २००९ मध्ये ती नाकारली गेली. तिथेही कंपनीचे नाव लावून गिटार विकणे हा भंगच आहे.

उरलेला प्रश्न

आता सुरुवातीच्या कोड्याकडे परत या. बंगळुरूच्या डब्याने तंबोऱ्याचा नाद घेतला, पण 'मी मिरजेचा लाकडी तंबोरा आहे' असे तो म्हणाला नाही. त्याने काय आहे ते उघड सांगितले. बनावट मालात नेमका हा खरेपणा नसतो. नक्कल करणारा दुसऱ्याकडून शिकतो. बनावट करणारा दुसऱ्याच्या मेहनतीने मिळालेला विश्वास खर्च करतो. निकृष्ट वाद्याची जवारी महिन्याभरात बिघडली की दोष त्या दुकानदाराला लागत नाही, मिरजेला लागतो.

पण कायद्याने सारे भागले असे समजू नका. चिपमध्ये एखाद्या तंबोऱ्याचा आवाज साठवला, तर मुद्रण करणाऱ्याला कॉपीराइट मिळतो. तो तंबोरा घडवणाऱ्याला आणि त्याची जवारी काढणाऱ्याला मात्र त्या मुद्रणावर कोणताही हक्क नसतो. अभियंत्याची मांडणी कागदावर उतरते, म्हणून ती नोंदवता येते. कारागिराचे ज्ञान हातात असते, म्हणून कायद्याला त्याच्या गावाचे नाव तेवढे राखता आले. ते नाव टिकवायचे तर ते हातही टिकायला हवेत आणि त्यासाठी त्यांच्या मालाला रास्त दाम मिळायला हवा.

इथे तुमची भूमिका येते. वाद्य विकत घेताना ते कोणी आणि कुठे बनवले हे विचारा, बनवणाऱ्याच्या नावाची पावती मागा आणि मानांकन सांगितले असेल तर अधिकृत वापरकर्त्याची नोंद पाहा. पैसे कमी असतील तर बिननावाचे स्वस्त वाद्य घेण्यात कमीपणा काहीच नाही. खोट्या नावाचे वाद्य मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

विचारासाठी प्रश्न

१. पेटी आणि 'स्ट्रॅडिव्हरी' चिठ्ठीचे व्हायोलिन यांच्या उदाहरणांवरून नक्कल व बनावट यांतील फरक स्पष्ट करा.

२. जवारीच्या कौशल्याला पेटंट मिळत नाही, याचे कारागिराला होणारे फायदे आणि तोटे लिहा.

३. तुमच्या जिल्ह्यातील एखादे वाद्य किंवा हस्तकला निवडा. तिच्यात वरीलपैकी कोणकोणत्या प्रकारची संपदा आहे ते शोधा.