एकाच कानाचा बहिरेपणा दुर्लक्षू नये

दूरध्वनी नेहमी ज्या कानाला लावायचा, त्या कानाने बोलणे नीट समजेनासे होते आणि तो नकळत दुसऱ्या कानाला लावला जातो. वय झाले, कानात मळ साठला, अशी कारणे देऊन हा बदल दुर्लक्षिला जातो. मात्र ऐकू येण्यातील घट एकाच कानापुरती असेल, कानात सतत आवाज येत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर अंतर्कर्णाच्या मज्जातंतूवर गाठ नाही ना, हे तपासून घेणे आवश्यक ठरते.

गाठ कशाची?
ही दुर्मिळ गाठ ‘अकूस्टिक न्यूरोमा’ या नावाने परिचित आहे. प्रत्यक्षात ती तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातील श्वान पेशींपासून तयार होते; म्हणून तिला ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ म्हणतात. ती कर्करोगाची नसते. तिची वाढ सावकाश, बहुधा वर्षाला १ ते २ मिलिमीटर होते. काही गाठी वर्षानुवर्षे वाढतही नाहीत. मात्र त्याच अरुंद हाडी बोगद्यातून ऐकण्याचा आणि चेहऱ्याचा मज्जातंतू जात असल्याने लहान गाठही त्रासदायक ठरते. मोठी गाठ मस्तिष्कस्तंभावर दाब आणून जिवावर बेतू शकते.

निदान
श्रवणचाचणीत दोन कानांमध्ये ठळक फरक आढळल्यास गॅडोलिनियम देऊन एमआरआय काढला जातो. त्यात काही मिलिमीटरची गाठही दिसते. दोन्ही बाजूंना गाठी असल्यास २२ व्या गुणसूत्रावरील ‘एनएफ-२’ जनुकातील दोषाची शंका घेतात. अंतर्कर्णातील एंडोलिम्फॅटिक पिशवीची गाठ याहून दुर्मिळ असून, ती काही रुग्णांत ‘व्हॉन हिपेल-लिंडाऊ’ या आनुवंशिक विकाराशी निगडित असते.

उपचार
गाठ लहान असेल तर ठरावीक काळाने एमआरआय काढून तिच्यावर लक्ष ठेवले जाते. वाढणाऱ्या लहान वा मध्यम गाठीवर किरणांचा नेमका मारा करतात. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९६९ मध्ये या गाठीसाठी ‘गॅमा नाइफ’ प्रथम वापरले. यात गाठ काढली जात नाही, तिची वाढ रोखली जाते. मोठ्या गाठीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करावी लागते. त्यात चेहऱ्याचा मज्जातंतू वाचविणे ही कसोटी असते.

गेलेली श्रवणशक्ती या उपचारांनी सहसा परत येत नाही. म्हणूनच गाठ लहान असतानाच ती सापडणे महत्त्वाचे. एका कानाने कमी ऐकू येऊ लागल्यास केवळ श्रवणयंत्र घेऊन न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कारण शोधून घ्यावे.