दोन गोळ्यांची पर्स

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इस्लामपुरातल्याच एका घरची मुलगी माझ्या दुकानात एक पर्स घेऊन आली. पर्स तिच्या आजीची होती. आजी प्राथमिक शिक्षिका. लोकल बोर्डाच्या शाळेत लागल्या आणि १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा शाळेबरोबर तिकडे वर्ग झाल्या. गावात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. बाई गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली ही पर्स सापडली. हाताच्या पंजाएवढी, तपकिरी कातड्याची. वर धातूची फ्रेम आणि फ्रेमच्या माथ्यावर एकमेकींवरून सरकून टक्कन बसणाऱ्या दोन गोळ्या.

“काका, परदेशातली आहे म्हणतात. फ्रेम चांदीची आहे, आत शिक्केपण आहेत. विकली तर किती येतील?” तिला नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते आणि मुदत पंधरा दिवसांवर आली होती. जुन्या नामांकित पर्सांना लाखांत किंमत येते, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. ते खोटं नाही.

माझा मूळ धंदा घड्याळदुरुस्तीचा. मोबाइल आल्यावर तो जवळजवळ बसला. हातात भिंग, चिमटे, बारीक पेचकस आणि भरपूर वेळ उरला. मग कुलपं, कड्या, बिजागऱ्या, ट्रंकांचे कोयंडे जमवत गेलो आणि त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. पदवी वाणिज्य शाखेची, तीही काठावर. तेव्हा या लेखात जे आहे ते बरंचसं बोटांनी शिकलेलं आहे.

पर्सकडे वळण्याआधी एक प्रश्न. आपल्याकडे पैसा ठेवायची जागा कोणती होती? पुरुषाची कनवटी, कमरेचा कसा, पानतंबाखूची चंची. बाईचा पदराचा शेव, चोळीतली पुरचुंडी किंवा नाडीचा बटवा. यांपैकी कशालाही धातूचं तोंड नाही. सगळं गाठीवर आणि नाडीवर चालायचं. धातू होता तो छल्ल्यात. चांदीचा आकडा कमरेला खोचायचा आणि त्याला किल्ल्यांचा जुडगा लटकवायचा. युरोपातल्या घरंदाज बायका कमरेला ‘शॅटेलेन’ नावाचा असाच आकडा लावत, त्याला साखळ्यांनी किल्ल्या, कात्री, सुयांची डबी अडकवलेली असे. दोन्हीकडे अर्थ एकच, घराच्या किल्ल्या हिच्या ताब्यात. फरक असा की छल्ला घरात मिरवायचा आणि पर्स घराबाहेर न्यायची. धातूच्या तोंडाची पर्स हातात आली ती बाहेर जाणाऱ्या, पगार घेणाऱ्या बाईच्या. आमच्या भागात ती बहुतेक शिक्षिका नाहीतर नर्स असे.

पण नामांकित कंपन्यांच्या वस्तू मराठी घरात आल्या त्या आधी राजवाड्यांत. पॅरिसच्या लुई व्हिताँ कंपनीच्या इतिहासात १९२६ साली बडोद्याच्या महाराजांसाठी बनवलेली चहाची पेटी प्रसिद्ध आहे. त्या वेळी गादीवर सयाजीराव गायकवाड होते, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले गोपाळराव. या कंपनीचं नाव आज कातड्यामुळे आणि त्यावरच्या अक्षरांच्या नक्षीमुळे माहीत असतं. मला विचाराल तर तिची खरी करामत कुलपात होती. १८८६ साली बापलेकांनी ट्रंकेसाठी स्प्रिंगच्या दोन कड्यांचं नवं कुलूप काढलं. पुढे प्रत्येक कुलपाला क्रमांक मिळाला आणि एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या ट्रंका एकाच किल्लीनं उघडतील अशी सोय झाली. कंपनी क्रमांकाची नोंद ठेवत असे. म्हणजे पितळेच्या त्या बोटभर तुकड्यावर मालक कोण, हे लिहिलेलं होतं. कातडं फाटतं, अस्तर बदलतं. कुलूप मात्र साक्ष देत राहतं.

म्हणून जुनी पर्स समोर आली की मी आधी धातू बघतो. पेटीत सगळ्यात स्वस्त हत्यार आहे ते लोहचुंबक. पितळेला आणि जर्मन सिल्व्हरला ते चिकटत नाही, लोखंडी पत्र्यावर मुलामा दिला असेल तर लगेच चिकटतं. मग वजन. भरीव पितळ तळहाताला कळतं. जस्ताचा ओतीव मिश्रधातू हलका लागतो आणि वाजवल्यावर बद्द बोलतो. ‘झामॅक’ या नावाची त्याची जात अमेरिकेत १९२९ साली निघाली, तेव्हा तसली कडी असलेली पर्स १९१० सालची म्हणून कोणी विकत असेल तर हात जोडून परत पाठवावी. स्क्रूचं डोकंही बघावं. आडव्या खाचेचा स्क्रू जुना असू शकतो, नवाही. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू मात्र १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचाच.

चेनचंही तसंच. आपण जिला चेन म्हणतो तिची पहिली धडपड १८९३ सालची, पण चालेल अशी रचना गिडिऑन सुंडबॅक या स्वीडिश-अमेरिकन इंजिनिअरनं १९१३च्या सुमारास केली. पॅरिसच्या हर्मेस घराण्यातल्या एमिल-मॉरिसनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेकडच्या दौऱ्यात मोटारीच्या टपाला लावलेली अशी चेन पाहिली आणि फ्रान्समध्ये तिचे हक्क मिळवले. खोगीर बनवणाऱ्या घराण्यानं मोटारीकडून चेन उचलावी, याची मला गंमत वाटते. पुढे साठच्या दशकात अमेरिकेच्या कोच कंपनीसाठी बॉनी कॅशिन यांनी पर्सला पितळेची फिरकी बसवली, तीही मोटारीच्या घडीच्या टपावरूनच सुचलेली.

फिरकीवरून तारीख सांगता येते याचं उत्तम उदाहरण शॅनेलचं. फेब्रुवारी १९५५ मध्ये आलेल्या पर्सला साधी लांबट चौकोनी फिरकी होती. उलटसुलट गुंफलेल्या दोन ‘सी’ अक्षरांची फिरकी कार्ल लागरफेल्ड यांच्या काळातली आणि ते त्या कंपनीत आले १९८३ साली. तेव्हा ‘पंचावन्न सालची, आजीची’ म्हणून दोन ‘सी’ दाखवणारा गृहस्थ एकतर फसलेला असतो, नाहीतर फसवणारा.

हे सगळं मला ठाऊक व्हायच्या आधी मी एक पाप केलं आहे, ते इथे कबूल करतो. माझ्या मामीनं तिची एक जुनी पर्स ‘जरा उजळून दे’ म्हणून दिली होती. फिरकीवर काळपट हिरवी घाण साचलेली. मी समयांना लावतो तसा चिंचेचा कोळ आणि मीठ लावलं, वर राखेनं घासलं. घाण गेली. सोन्याचं पाणीही गेलं. खालचं पितळ गुलाबीसर पडलं आणि चिंचेचं पाणी कातड्यात उतरून काळा डाग पडला तो कायमचा. मामी म्हणाली, “छान झालं हो.” ती चांगुलपणानं म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या हिरव्या घाणीचं कारण नंतर समजलं. ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, तसंच हे आहे. कातडं कमावताना त्यात तेलं, चरबी मुरवलेली असते. ती पितळेतल्या तांब्याला लागली की मेणासारखा हिरवा थर धरतो. तो घासायचा नसतोच. कातडं आणि धातू यांच्यामध्ये जाड प्लास्टिकची पट्टी सरकवायची, थर बांबूच्या टोकदार काडीनं अलगद उचलायचा, मग कापसाच्या बोळ्यावर अगदी थोडं स्पिरिट घेऊन फक्त धातू पुसायचा आणि शेवटी मेणाचा पातळ हात द्यायचा. दिवसभरात एक फिरकी होते. चकाकी येत नाही, ती आणायचीही नसते. कारण मुलामा हा केसाहून पातळ असतो आणि प्रत्येक घासणीला त्यातला थोडा जातोच.

बाईंच्या पर्सवर यातलं काय लागू पडलं? चुंबक फ्रेमला चिकटलं नाही. अस्तराची कड सुटली होती, तिथून भिंगानं पाहिलं तर आतल्या पट्टीवर चार इंग्रजी अक्षरं चार चौकोनांत ठोकलेली दिसली. घरच्यांनी ज्यांना चांदीचे शिक्के म्हटलं होतं, ते हेच. अक्षरं होती ई, पी, एन, एस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. आणि जर्मन सिल्व्हर हे नावच मुळात फसवं. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू, चांदी औषधालाही नाही. चीनमधल्या पांढऱ्या धातूची नक्कल जर्मनांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली म्हणून ते नाव पडलं. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीसारखे चमचे आले. चौकोनांत अक्षरं ठोकायची पद्धतही खऱ्या चांदीच्या शिक्क्यांची आठवण व्हावी अशीच असते.

तरी घरच्यांची खात्री पटावी म्हणून मी ती एका गलाईवाल्या मित्राकडे नेली. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथली माणसं शेतीत भागेना म्हणून सोनंचांदी गाळायला बाहेर पडली आणि केरळपासून पंजाबपर्यंत सराफी पेठांत पसरली. मोडीचे दागिने वितळवायचे, तेजाबानं हीण काढायचं, शुद्ध धातू सराफाच्या हाती द्यायचा. मराठी माणसानं देशभर केलेल्या या कामाचा इतिहास अजून नीट कुणी लिहिलेला नाही, आणि तो लिहायला ज्यांच्या फुप्फुसात तेजाबाचा धूर गेला ती म्हातारी पिढी झपाट्यानं संपते आहे. मित्र तीस वर्षं दक्षिणेत राहून परत आला आहे.

त्यानं फ्रेमची आतली, न दिसणारी कड काळ्या कसोटीवर ओढली. पांढरी रेघ उठली. शेजारी चांदीच्या तारेची रेघ. दोन्हींवर तेजाबाचा थेंब, वर मिठाचं पाणी. चांदीच्या रेघेवर दह्यासारखी पांढरी साय धरली. पर्सची रेघ हिरवी होऊन वाहून गेली. “मोडीत याचं काही येत नाही,” तो म्हणाला. मग चुंबक हातात होतं म्हणून त्यानं उगाच ते दोन्ही बिजागऱ्यांवरून फिरवलं. डावीकडे काही नाही. उजवीकडे टिक्.

मी इतके दिवस पाहून मला ते दिसलं नव्हतं. उजव्या बिजागरीतली मूळ पिन गेली होती आणि तिच्या जागी सायकलच्या स्पोकचा तुकडा ठोकून दोन्ही टोकं कानशीनं गोल केली होती. फ्रेम मूळची विलायती घाटाची, पण कातडंही मूळचं नव्हतं. शिवण दोऱ्याची नव्हतीच, बारीक चामड्याच्या वादीची होती, कोल्हापुरी चपलेला घालतात तशी. म्हणजे पहिली पिशवी फाटल्यावर फ्रेम राखून इथल्याच कोणा कारागिरानं नवी पिशवी शिवली आणि कोणा सायकलवाल्यानं पिन बसवली. लाखांच्या बाजारात या दोन्ही गोष्टी दोष ठरतात. मूळ पार्ट नाही, म्हणून किंमत पडते. मला मात्र या फ्रेमबद्दलची पहिली खात्रीची, आमच्या गावाकडची गोष्ट त्या स्पोकनंच सांगितली.

मुलीला हे सांगणं जड गेलं. पंधरातले नऊ दिवस उरले होते. मी ओळखीच्या संग्राहकाला फोटो पाठवले, त्यानं दीड हजार सांगितले, तेही पिन बदलून मुलामा नवा करून दिला तर. ती काही बोलली नाही. प्रवेशाचे पैसे तिच्या आईनं पतसंस्थेतून उचलले. पर्स मात्र तिनं माझ्याकडेच ठेवली. “विकायची नाही, पण उघडझाप नीट होऊ दे,” एवढंच म्हणाली.

काम फार नव्हतं. गोळ्या ढिल्या झाल्या होत्या. चिमट्याला कापड गुंडाळून एक गोळी केसभर आत घेतली आणि टक् आवाज परत आला. मुलामा अंगठा टेकतो तिथे गेलेला होता, तो तसाच ठेवला. स्पोक काढला नाही, फक्त त्याचा गंज खरवडून तेलाचं एक टिपूस सोडलं. बिजागरीच्या फटीत पांढरी पूड घट्ट बसली होती. घरच्यांना कळताच सगळे एकदम म्हणाले, खडू! बाईंचा शाळेतला खडू. मलाही तसंच वाटायला आवडलं असतं. पण आपल्याकडचा शाळेचा खडू बहुधा जिप्समचा, त्याच्यावर व्हिनेगर टाकलं तर काही होत नाही. चांदी घासायच्या पांढऱ्या पावडरीत असते ती चुनखडीची भुकटी, ती फसफसते. काचेवर चिमूटभर पूड घेऊन थेंब टाकला. बुडबुडे आले.

पर्स परत न्यायला त्या दिवशी मुलीची आई आली होती. मी म्हटलं, “वहिनी, खडू नाही हा. पॉलिशची पावडर आहे. कोणीतरी ही वर्षानुवर्षं घासत होतं, म्हणून तर चांदी उडाली.” त्यांनी पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, “सासूबाई दिवाळीच्या आधी समया घासायला बसायच्या ना, तेव्हा सगळ्यात शेवटी ही घ्यायच्या. आम्हाला हात लावू द्यायच्या नाहीत.”

डाव्या बिजागरीतली पूड मी काढली नव्हती. ती तशीच आहे.